तीनशे पिंपं आणि एक नाक

काकांच्या कंपनीचा माल जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नसे. कंपनी एवढी मोठी की एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत चालत गेलं तर जेवणाची सुट्टी संपून जाई, पण शहरात कुणालाही विचारा, "तिथं बनतं काय?" उत्तर ठरलेलं. "काहीतरी केमिकल." ते खोटंही नव्हतं. रंगवाले, गोंदवाले, गादीचा फोम करणारे, बुटांचे तळवे करणारे, साबणवाले हे सगळे आपला माल आपण करतो अशा थाटात वावरत, आणि तो करायला लागणारा मूळचा ऐवज इथून पिंपात भरून नेत. इथला एक नळ बंद पडला की तिकडे दहा कारखाने हात चोळत बसत. फाटकाच्या आतल्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही दिसत नाही, पण आम्ही सगळ्यात आहोत.' वर्षातून एकदा घरच्या माणसांना कारखाना दाखवत, तेव्हा काकांच्या बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, "असं देवाबद्दलही म्हणतात. पण देवाला निदान गाऱ्हाणं तरी घालता येतं."

या अवाढव्य कंपनीत काकांचं काम होतं वास घेण्याचं. माल पोचवून रिकामी झालेली पिंपं परत येत, गरम पाण्यानं आणि वाफेनं धुतली जात, आणि पुन्हा भरायला जात. अडचण मधेच होती. ज्या पिंपातून काल गोंदवाल्याचं जहाल पाणी गेलं, त्यातूनच उद्या साबणवाल्याचा माल जायचा, आणि पिंपाला आदल्या मालाचा जरा जरी वास राहिला तर साबण नासायचा. लॅबमध्ये यासाठी एक यंत्र होतं. त्याला वेगळी थंड खोली होती, आणि ते एका पिंपाचा निकाल चाळीस मिनिटांत द्यायचं. पिंपं दिवसाला तीनशे. म्हणून धुतलेल्या प्रत्येक पिंपात पांढऱ्या कागदाची एक पट्टी दोऱ्यानं सोडत, बूच लावत, पाव तासानं पट्टी बाहेर काढत आणि काका ती हुंगत. मग छापील कागदावर 'वास' या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही', आणि पुढं सही. 'आहे' आलं की पिंप परत धुवायला. अर्ध्या जगाला रसायन पुरवणारा गाडा एका माणसाच्या नाकावरून जात होता, आणि वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख नव्हता.

काका आले होते गोदामात हरकाम्या म्हणून. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहा पुढं आला, तो त्यांनी तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाले, "या किटलीत कुणीतरी थिनर ठेवला होता." कॅन्टीनवाला अंगावर धावून आला. चौकशीत निघालं की रंगाऱ्यांनी तीन महिन्यांपूर्वी किटली नेली होती आणि धुऊन परत ठेवली होती. तीन महिने सगळी कंपनी, लॅबचे डॉक्टरेटवाले धरून, तो चहा पीत होती आणि चांगला झालाय म्हणत होती. त्या दिवसापासून काका पिंपांच्या शेडमध्ये बसले ते तीस वर्षं उठले नाहीत.

पुढं नाव झालं. सगळे त्यांना नाककाका म्हणत. बाहेरून पाहुणे आले की आधी रिॲक्टर दाखवत, मग काकांचं नाक. काकाही काही कमी नव्हते. पाहुण्यांसमोर पट्टी डोळे मिटून हुंगायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मगच बोलायचे. एरवी त्यांना दोन सेकंद पुरत. घरी तर विचारूच नका. भाजीत मीठ कमी आहे हे ते उंबऱ्यातूनच सांगत. मिठाला वास नसतो हे बायकोनं वीस वर्षं सांगून पाहिलं.

अशा माणसाचं नाक गेलं कशानं, तर सर्दीनं. तीस वर्षं भल्याभल्या विषांनी त्याला हात लावला नाही, आणि शेजाऱ्यांकडून आलेल्या साध्या पडशानं आठ दिवसांत काम तमाम केलं. सर्दी गेली, ताप गेला, वास काही परत आला नाही. कळलं तेही उशिरा. काका ओट्याला टेकून वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांच्या कोपराशी दूध जळून कोळसा होत होतं. बायको आतून धावत आली, गॅस बंद केला, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला कळलं नाही?" काका म्हणाले, "वाचत होतो." पण त्या बाईशी संसार करून खोटं पचवणं कुणाला जमलं आहे? डॉक्टर झाले, काढे झाले, वाफारे झाले. वाफाऱ्याचा तर काकांना मनस्वी संताप आला. दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या माणसाला वाफारा देत होते.

त्याचं खरं दुःख मात्र दीड वर्षानं कळलं. मुलाला मुलगी झाली. सुनेनं नात त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काकांनी, सगळे आजोबा करतात तसं, तिच्या टाळूला नाक लावलं. काही नाही. धुतलेल्या पिंपासारखं स्वच्छ काही नाही. काकांनी नात परत दिली आणि बाहेर जाऊन चपलांच्या कपाटाशी बराच वेळ उभे राहिले.

कामावर काय केलं म्हणाल, तर काहीच केलं नाही. पट्टी हुंगायची, वास येत नसे, म्हणून रकान्यात लिहायचं 'नाही'. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिला महिना त्यांना झोप आली नाही. आज तक्रार येईल, उद्या येईल, साबणवाला पिंप डोक्यावर घेऊन येईल. कुणी आलं नाही. महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं संपत आलं. तक्रारी शून्य. हळूहळू काकांच्या मनात एक भलताच विचार घर करून बसला, की आपलं नाक गेलं असेल, पण हात, नजर, पिंपाची ओळख, असं काहीतरी शिल्लक आहे. निवृत्तीला तीन वर्षं होती. माणूस एकदा तरून गेला की त्याला आपण पोहतो असं वाटायला लागतं. काका पाहुण्यांसमोर पुन्हा डोळे मिटून थांबू लागले.

मग ती ऑर्डर आली. सुपरवायझर शेडमध्ये पेढा मिळाल्यासारखं तोंड करून आला आणि म्हणाला, "काका, औषधवाले आलेत आपल्याकडे. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात घालायचा तो दाट गोड द्रव, तो आता आपण देणार. आणि पिंपं हीच, धुतलेली. साहेबांनी त्यांना शब्द दिलाय की आमच्याकडे तक्रार शून्य, आमच्याकडे काका आहेत."

त्याच आठवड्यात नातीला खोकला झाला होता. काका घरी आले तेव्हा सून चमच्यात औषध ओतत होती आणि नात तोंड फिरवत होती. "घे गं बाळा, गोड आहे," सून म्हणत होती. काकांनी बाटली उचलली आणि खिडकीशी नेऊन बारीक अक्षरं वाचली. तिसऱ्याच ओळीत तो द्रव होता. अजून तो त्यांच्या कंपनीचा नव्हता. पुढच्या महिन्यापासून असणार होता.

"काय वाचताय एवढं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"उद्या जाऊन सांगून टाका," ती म्हणाली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "नोकरी गेली तर गेली. पोरं पितात हे."

दुसऱ्या दिवशी काकांनी सुपरवायझरला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की मला दोन वर्षांपासून वास येत नाही. सुपरवायझर आधी गंभीर झाला, मग हसत सुटला. "काका, तुमचा विनय म्हणजे कमाल आहे. तक्रारी शून्य, आणि म्हणे वास येत नाही." त्यानं ही गोष्ट कॅन्टीनमध्ये पाच टेबलांवर सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत काकांचा मान आणखी वाढला.

मग काका मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब हुशार होते. त्यांना पहिल्याच वाक्यात पटलं. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाला सांगितलंत?"

"सुपरवायझरला. तो हसला."

"चांगला माणूस आहे," साहेब म्हणाले. "आता बघा काका. दोन वर्षं, दिवसाला तीनशे पिंपं. तुमचं नाक गेलं असं मी लिहिलं, तर ती सगळी पिंपं मला परत बोलवावी लागतील. रंगवाल्याच्या भिंतीवरून, बुटवाल्याच्या तळव्यातून. ते शक्य आहे का? नाही. म्हणजे तुमचं नाक गेलेलं नाही."

"साहेब, पण मला खरंच..."

"तुम्ही म्हणून चालत नाही. आपण डॉक्टरांना विचारू."

कंपनीच्या डॉक्टरांनी कापसाचा स्पिरिटचा बोळा काकांच्या नाकाखाली धरला. "काही जाणवतं?" काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "झोंबतं." स्पिरिट कुणालाही झोंबतं, वास न येणाऱ्यालाही, झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. पण फॉर्मवर झोंबण्याचा रकाना नव्हता. डॉक्टरांनी लिहिलं, घ्राणेंद्रिय उत्तम. अशा रीतीनं काकांचं मेलेलं नाक शिक्का मारून जिवंत झालं. खऱ्याची एवढी फजिती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

औषधवाल्यांसाठी पहिली चाळीस पिंपं शेडमध्ये लागली, तेव्हा काका ठरवून आले होते की सही करायची नाही. खुर्चीत बसले, पट्ट्यांना हात लावला नाही, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा नुसतं समोर पाहत राहिले. समोर पिंपं धुणाऱ्या ताई काम करत होत्या. गेली एकोणीस वर्षं त्या तिथंच होत्या, कंत्राटदाराच्या कामगार, रबरी बूट आणि कोपरापर्यंत हातमोजे. काकांनी त्यांना रोज पाहिलं होतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

ताईंनी एका पिंपाचं बूच काढलं, आपलीच एक पट्टी आत सोडली, दुसऱ्या पिंपाकडे गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, पट्टी काढली आणि नाकासमोरून डावीकडून उजवीकडे हलकेच फिरवली. मग पिंपावर खडूची एक रेघ ओढून ते मागं सरकवलं आणि पुन्हा वाफेच्या नळीखाली लावलं. खडूच्या या रेघा काका दोन वर्षं पाहत आले होते. त्यांना वाटे, मोजणीच्या आहेत.

काका उठून तिथं गेले. "ताई, हे काय करता?"

ताईंनी नळी बंद केली. "मासळी आहे याला. कालच्या मालाची. एका धुण्यात जात नाही."

"तुम्ही वास घेता?"

"मग?"

"कधीपासून?"

ताईंनी हातमोज्याच्या पाठीनं कपाळ पुसलं. सांगावं की नाही, असा थोडा विचार केला. "तुम्ही आजारी पडून परत आलात ना काका, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पिंप असं घाण मारत होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुमच्यापर्यंत गेलं की परत येईल, मग धुऊ, म्हटलं. तुम्ही हुंगलंत आणि सही केलीत. ते मी मागं ओढून पुन्हा धुतलं. मला वाटलं, दमलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी म्हटलं, आता पुढं जायच्या आधीच बघावं."

"दोन वर्षं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुमचं नाक गेलं? हे मी सांगायचं, तुम्हाला?" त्यांनी नळी खुंटीला अडकवली. "आणि कुणाला सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. मग नवीन कुणी आलं असतं. त्याला वास आला असता की नसता, कोण जाणे."

काका जवळच्या उलट्या पिंपावर बसले. त्यांना हायसं वाटलं हे खरं. दोन वर्षांत एकही पिंप वाईट गेलं नव्हतं. आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. हात, नजर, पिंपाची ओळख! सगळा वेळ ही बाई दुप्पट पिंपं धूत होती आणि ते डोळे मिटून पाहुण्यांना ऐट दाखवत होते.

"पट्टी अशी फिरवायची हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. पहिल्या दिवशी. नाकाला लावू नका, समोरून जाऊ द्या, म्हणालात. नंतर कधी बोलला नाहीत, ती गोष्ट वेगळी."

काकांनी मोजपट्टी मागून घेतली, पेन्सिल घेतली आणि चाळीसही कागदांवर आपल्या सहीच्या जागेशेजारी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'वास घेणाऱ्याची सही'. ताई म्हणाल्या, मला सही येते पण वाकडी येते. काका म्हणाले, वाकडी करा. साहेबांनी कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. "काका, हा रकाना मंजूर नाही." काका म्हणाले, "मग माझीही सही मंजूर नाही." आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस असा आडवा गेला की साहेबांनाही सुचत नाही. त्यात औषधवाल्यांच्या तपासनीस बाई दुसऱ्याच दिवशी येणार होत्या.

तपासनीस बाई बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागद पाहिला. "ही दुसरी सही कुणाची?"

साहेब काही बोलायच्या आत काका म्हणाले, "या ताईंची. वास यांना येतो. मला येत नाही."

साहेबांचा चेहरा कागदाच्या पट्टीसारखा पांढरा पडला. बाईंनी पिशवीतून तीन बंद नळ्या काढल्या, प्रत्येकीत एक पट्टी. आधी काकांना दिल्या. काकांनी तिन्ही हुंगल्या आणि तिन्ही वेळा म्हणाले, "मला काही येत नाही." मग ताईंनी हुंगल्या. "पहिली कोरी. दुसऱ्याला मासळी, अगदी थोडी. तिसऱ्याला गोंदवाल्याचा माल, पण जुना." बाईंनी टिपून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि निघून गेल्या. काकांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "गेली नोकरी." ती म्हणाली, "बरं झालं. हात धुऊन घ्या, जेवायला बसू."

पंधरा दिवसांनी अहवाल आला, आणि साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. औषधवाल्यांना ही पद्धत फार आवडली होती. 'पहिला परीक्षक पूर्णपणे तटस्थ राहतो आणि आपल्या मताचा दुसऱ्या परीक्षकावर कोणताही प्रभाव पडू देत नाही. अशी शिस्त आम्ही इतरत्र पाहिली नाही.' साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. महिन्याभरात कंपनीच्या सातही कारखान्यांना आदेश गेला, की यापुढं प्रत्येक पिंपावर दोन सह्या, दुहेरी घ्राणपरीक्षा. पहिल्या परीक्षकासाठी अट एकच, ज्येष्ठता. वास येण्याबद्दल आदेशात काही नव्हतं. सात कारखान्यांतून निवृत्तीला आलेल्या एकवीस जणांनी अर्ज केले.

ताईंचं काय झालं? रकाना मंजूर झाला. पद मंजूर झालं नाही, कारण दुसरा परीक्षक होण्यासाठी मात्र रसायनशास्त्राची पदवी लागते. त्या कंत्राटदाराच्या धुणाऱ्या बाईच राहिल्या, फक्त सही करायला परवानगी मिळाली. काकांनी यावर तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे. जगाला रसायन पुरवणाऱ्या कंपनीला एवढी साधी गोष्ट विरघळत नव्हती, याचा काकांना राग येई आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. एक मात्र त्यांनी आपल्या हातानं केलं. पाहुणे आले की ते खुर्चीतून उठत, ताईंना तिथं बसवत आणि स्वतः वाफेची नळी धरत.

घरच्या माणसांना कारखाना दाखवायचा दिवस आला. बायको, सून आणि दहा महिन्यांची नात पिंपांच्या शेडपर्यंत आली. बायकोनं ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे यांचं नाक तुमच्याकडे असतं म्हणायचं."

"ठेवायला दिलंय," ताई म्हणाल्या.

"मग सांभाळा. माझ्याकडे असतं तर भाजीवरून रोज भांडण झालं असतं."

काकांनी सुनेकडून नात घेतली आणि ताईंजवळ गेले. मग म्हणाले, "ताई, एक काम आहे. हिच्या टाळूचा वास घेऊन सांगाल?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले, साबणानं दोनदा हात धुतले, कोरडे केले आणि नात घेतली. डोकं नाकाला लावलं नाही. शिकवलं होतं तसं समोरून, डावीकडून उजवीकडे, हलकेच जाऊ दिलं.

"आहे, काका."

"कसा?"

कुठल्याच कागदावर 'कसा' हा रकाना नव्हता. ताईंनी वेळ घेतला. "कोमट दुधाचा. मागून थोडा कपड्यांच्या साबणाचा. आणि..." त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. "आणि अजून एक आहे. त्याला नाव नाही मला माहीत."

"तोच," काका म्हणाले. त्यांनी नात परत घेतली आणि तिच्या टाळूवर हात ठेवला. "हिच्या बापालाही तोच होता."